हेन्री द लायन: दोन डचींचा मालक एका खटल्यात सगळं कसं काय घालवतो?

निवांत_वाचक

नमस्कार मंडळी, मध्ययुगीन जर्मनीबद्दल थोडंफार वाचत होतो आणि हेन्री द लायन नावाच्या माणसापाशी येऊन गाडी अडकलीये. जर्मन उच्चार हाइनरिश वगैरे आहे पण मी हेन्रीच लिहितो, टायपायला सोपं.

हा गडी म्हणजे बाराव्या शतकात जर्मनीत बादशहाच्या खालोखाल सगळ्यात मोठा माणूस. सॅक्सनीचा ड्यूक, बव्हेरियाचा पण ड्यूक. आईचे वडील म्हणजे बादशहा तिसरा लोथार. गादीवर असलेला बादशहा फ्रेडरिक बार्बारोसा हा याचा सख्खा आतेभाऊ. सासरा कोण, तर इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री. नुसती नातेवाईकांची यादी बघूनच समोरच्याने गप्प बसावं असा मामला. आणि हा माणूस ११८० मध्ये एका खटल्यात दोन्ही डची, म्हणजे ड्यूक म्हणून मिळालेले मुलूख, घालवून बसतो आणि पुढच्या वर्षी बादशहाच्या पाया पडून देशाबाहेर जातो?? आणि खटल्याला स्वतः हजर पण राहिला नाही म्हणे!

मला जे वाचायला मिळालं त्यात कारण एकच दिलंय. ११७६ ला बार्बारोसाला इटलीत सैन्य हवं होतं, याने नाही म्हटलं, बादशहा गुडघ्यावर बसला तरी नाही म्हटलं, मग बादशहा लढाई हरला आणि त्याने सूड घेतला. वाचायला भारी आहे पण एवढ्यावर विश्वास बसत नाही. नकार ११७६ चा, निकाल ११८० चा, मधल्या काळात बादशहा काय राग गिळून बसला होता का? शिवाय एवढा मुलूख काढून घेतला तो स्वतःकडे ठेवलाच नाही, दुसऱ्यांना वाटून टाकला. आणि सगळंच काढून घेतलं म्हणतात तर मग ब्राउनश्वाइग हे शहर त्याच्याकडे कसं राहिलं? कोणी जरा विस्कटून सांगेल का, घाई नाहीये.

टिंबटिंब

तो गुडघ्याचा प्रसंग कियावेन्नाचा. आल्प्स उतरून इटलीत शिरतो तिथलं गाव. गोष्टीच्या एका रूपात तर असंय की बादशहा खाली बसलेला बघून हेन्रीचा एक कारभारी त्याच्या कानाशी म्हणतो, महाराज, मुकुट आत्ता पायाशी आलाय, राहू दे तिथेच, उद्या डोक्यावरही येईल. आणि महाराणी बेआट्रिक्स नवऱ्याला म्हणते, उठा, देव मदत करेल, पण हा दिवस विसरू नका. बस्स, अजून काय कारण पाहिजे? इगो दुखावला की भाऊ-बिऊ कोणी नसतं. २९ मे ११७६ ला लेन्यानोला बार्बारोसाचा सपाटून पराभव झाला, याची किंमत कोणाकडून तरी वसूल होणारच होती.

जुनापुराणा

टिंबटिंब, प्रसंग झकास आहे, पण तो लिहिला गेला नंतर, आणि लिहिणाऱ्यांना शेवट माहीत होता. भेट झाली असावी हे बहुतेक अभ्यासक मानतात, गुडघ्यांबद्दल एकमत नाही. आणि मुख्य म्हणजे खटल्याच्या कागदात याचा उल्लेखसुद्धा नाही!

१३ एप्रिल ११८० ला बादशहाने गेल्नहाउझेनमध्ये एक सनद काढली, त्यात हेन्रीवर काय काय शाबीत झालं ते लिहिलंय. चर्चच्या आणि सरदारांच्या मालमत्तेवर हात टाकला, त्यांचे हक्क तुडवले, त्यांनी तक्रार केली तर बोलावूनही हजर झाला नाही, परत परत बोलावलं तरी नाही, आणि त्यातून बादशहाचा अपमान केला. इटली नाही, सैन्य नाही, गुडघे नाहीत. सैन्य घेऊन यायची त्याच्यावर तेव्हा सक्ती होती असंही धडपणे दिसत नाही. ११६१ नंतर तो इटलीच्या मोहिमांना फिरकलाच नव्हता आणि बादशहाने ते वर्षानुवर्षं चालवून घेतलं होतं.

म्हणजे निवांत, तुमचा प्रश्न उलटा करायला पाहिजे. ११७८ ला बादशहा चिडला का हे विचारण्यापेक्षा, त्याआधी पंचवीस वर्षं तो याला पाठीशी का घालत होता हे विचारा.

जरा मागे जातो. हेन्रीचा बाप पण हेन्रीच, त्याला ‘गर्विष्ठ’ म्हणायचे. त्याच्याकडेही सॅक्सनी आणि बव्हेरिया दोन्ही होतं आणि सासरा लोथार ११३७ ला मेल्यावर राजमुकुट आपल्यालाच मिळणार अशी त्याची खात्री होती. बाकीच्या सरदारांनी ११३८ मध्ये घाईघाईत श्टाउफेन घराण्याच्या कॉनराडला निवडलं, कारण एवढा मोठा माणूस डोक्यावर कोणालाच नको होता. कॉनराडने दोन्ही डची काढून घेतल्या, ११३९ मध्ये बाप गेला, आणि हा पोरगा तेव्हा दहाच्या आगेमागे. आई आणि आजीच्या बाजूच्या लोकांनी लढून लढून ११४२ ला सॅक्सनी परत मिळवली. बव्हेरिया मिळायला ११५६ उजाडलं, तोवर कॉनराड जाऊन त्याचा पुतण्या बार्बारोसा राजा झाला होता, आणि बव्हेरिया ज्याच्याकडे होतं त्याची समजूत काढायला ऑस्ट्रिया तोडून त्याची वेगळी डची करावी लागली! एवढा खटाटोप मामेभावासाठी. कारण बार्बारोसाला इटलीत मोकळे हात पाहिजे होते आणि उत्तरेला कोणीतरी आपला माणूस पाहिजे होता. सौदा सरळ होता, तू तिकडे काय वाट्टेल ते कर, मला त्रास नको.

आणि याने खरंच वाट्टेल ते केलं. ११४४ ला श्टाडचा काउंट शेतकऱ्यांच्या उठावात मारला गेला, मागे उरला पाद्री झालेला भाऊ. त्याने ब्रेमेनच्या आर्चबिशपशी करार करून वारसा त्याच्या संरक्षणाखाली दिला. हेन्री म्हणाला वारसा माझा. ११४५ मध्ये यावर सुनावणी चालू असतानाच याच्या माणसांनी आर्चबिशपलाच पकडून नेलं. वय किती याचं, पंधरा-सोळा! श्टाड मिळालं. कोणी निपुत्रिक मेला की हेन्रीची माणसं तिथे हजर, हे मग पुढे कायमचंच झालं. ११६६ ला शेजारी एकत्र आले, ‘अस्वल’ म्हणतात तो ब्रान्डेनबुर्गचा आल्ब्रेख्ट, मागडेबुर्गचा आर्चबिशप विखमान, थुरिंगियाचा लांडग्राफ (हा पण सरदारीचाच एक किताब), अशी सगळी मोठमोठी मंडळी. चार वर्षं धुमश्चक्री चालली आणि दर वेळी बादशहा मध्ये पडून हेन्रीला वाचवायचा. शेजाऱ्यांनी हे सगळं लक्षात ठेवलं.

आता माझं मत सांगतो, पटलं तर बघा. हा माणूस बुडाला तो उर्मटपणामुळे कमी आणि हात आखडता घेतल्यामुळे जास्त. तीन प्रसंग आहेत.

पहिला कियावेन्नाच. याने नुसतं नाही म्हटलं नाही, मदतीच्या बदल्यात गोस्लार मागितलं. गोस्लार म्हणजे शेजारच्या रामेल्सबेर्ग डोंगरातली चांदीची खाण. आधी तिथली व्यवस्था याच्याकडेच होती, ती बादशहाने काढून घेतली होती. बादशहा अडचणीत आहे तर आत्ताच वसूल करू, असा हिशोब.

दुसरा प्रसंग काकाचा, आणि माझ्या मते हा सगळ्यात बोलका. सहावा वेल्फ म्हणून याचे काका होते, श्वाबियात त्यांची प्रचंड मालमत्ता. त्यांचा एकुलता एक मुलगा ११६७ ला रोमजवळच्या साथीत गेला. म्हातारा मग दिलदारपणे खर्च करायला लागला, मेजवान्या काय, देणग्या काय. पुतण्याला म्हणाला मला रोख पैसे दे, माझ्यामागे सगळं तुझं. हेन्रीने हो म्हटलं आणि पैसे द्यायला टाळाटाळ चालू केली. म्हातारा असा किती दिवस जगणार, फुकटच मिळेल ना! काकांनी वाट बघितली आणि मग तोच वारसा बहिणीच्या मुलाला विकला. हा भाचा म्हणजे बार्बारोसा. त्याने पैसे मोजले. काका पुढे ११९१ पर्यंत जगले.

तिसरा प्रसंग खटला चालू असतानाचा. ११७९ ला हाल्डेन्सलेबेनजवळ हेन्रीने बादशहाची खाजगीत भेट मागितली. ल्युबेकचा अर्नोल्ड म्हणून इतिहासकार मठाधिपती होता, तो लिहितो की बादशहाने सुचवलं, पाच हजार मार्क भर, मी तुझं आणि सरदारांचं मिटवून देतो. हेन्रीला रक्कम जास्त वाटली. उठून निघून गेला. पाच हजार मार्क चांदी ही छोटी रक्कम नव्हे हे मान्य, पण समोर दोन डची पणाला लागल्या होत्या हो.

निवांत_वाचक

जुनापुराणा, दंडवत! काकांचा किस्सा कुठेच वाचला नव्हता. पण मग ११७८ लाच सगळं एकदम का फुटलं? आणि तो जमिनीचा प्रश्न राहिला, काय गेलं आणि काय राहिलं?

जुनापुराणा

११७७ ला व्हेनिसमध्ये बादशहाचा आणि पोप तिसऱ्या अलेक्झांडरचा तह झाला. त्या तहात आधी पदावरून काढलेले पोपच्या बाजूचे बिशप परत बसवायचं ठरलं, त्यात हाल्बरश्टाटचा बिशप उलरिश पण होता. हा परत आला आणि म्हणाला, मी नसताना माझ्या चर्चच्या ज्या जमिनी हेन्रीला दिल्या त्या परत पाहिजेत. ठिणगी ती. त्यातच कोलोनचा आर्चबिशप फिलिप वेस्टफालियात सैन्य घेऊन घुसला. मग गंमत बघा, नोव्हेंबर ११७८ ला श्पायरला बादशहाकडे तक्रार घेऊन पहिल्यांदा कोण गेलं तर स्वतः हेन्री! सवय होती ना, गेलो की आपल्या बाजूने निकाल. या वेळी बादशहाने त्याची तक्रार ऐकली आणि दुसऱ्या बाजूची पण दाखल करून घेतली. तेवढंच केलं त्याने, फक्त पांघरूण घालायचं थांबवलं.

मग वोर्म्सला बोलावणं, हा गेला नाही. मागडेबुर्गला गेला नाही, तिथे तर एका मारग्राफने, म्हणजे सरहद्दीवरच्या सरदाराने, याला द्वंद्वाचं आव्हान दिलं होतं. पुढच्या तारखांनाही नाही. न जाण्याचंही कारण त्याच्यापुरतं होतं, गेलो म्हणजे यांना माझा न्याय करायचा हक्क आहे असं मान्य केल्यासारखं होईल. त्याचं म्हणणं आपलं घराणं श्वाबियाचं, न्याय झाला तर आपल्या मूळ मुलखातच झाला पाहिजे. कोणी ऐकलं नाही. जानेवारी ११८० ला व्युर्झबुर्गच्या सभेत सरदारांनीच निकाल दिला.

जमिनीचं असंय की डची ही त्याला बादशहाकडून मिळालेली जहागीर. चाकरी आणि निष्ठेच्या बदल्यात दिलेली, म्हणून ती जप्त करता येते. ब्राउनश्वाइग आणि ल्युनेबुर्गच्या आजूबाजूचा मुलूख ही घरची मालमत्ता, आई आणि आजी-पणजीकडून वारशाने आलेली, ती कोणी दिलेली नव्हती. आपल्याकडे सरंजाम काढून घेतला तरी वतन राहायचं, साधारण तसंच समजा. बंडखोर ठरवल्यामुळे तीही गेली होतीच, पण ११८१ ला शरण आल्यावर ती परत दिली.

वाटणी अशी झाली, सॅक्सनीचा पश्चिम भाग वेस्टफालियाची डची म्हणून कोलोनच्या आर्चबिशपला, तोच फिलिप. उरलेला भाग ड्यूक या किताबासकट आल्ब्रेख्ट अस्वलाचा मुलगा बेर्नहार्ड याला. बव्हेरिया विटेल्सबाखच्या ओट्टोला, आणि त्यातून श्टायरमार्क तोडून वेगळं केलं. विटेल्सबाख घराणं मग तिथे १९१८ पर्यंत राहिलं. बादशहाने स्वतःला काही ठेवलं नाही कारण त्याला ते ठेवताच येत नव्हतं, ज्यांनी निकाल दिला त्यांना हिस्सा हवा होता. म्हणून मला हा बार्बारोसाचा विजय वाटत नाही, शेजाऱ्यांचा वाटतो.

बेर्नहार्डकडचा सॅक्सनी हा किताब पुढे वारशावारशाने एल्बे नदीच्या वरच्या अंगाला सरकत गेला, म्हणून आजचं सॅक्सनी राज्य ड्रेस्डेनच्या बाजूला आहे आणि हेन्रीचा खरा मुलूख लोअर सॅक्सनी नावाने ओळखला जातो. नकाशा बघताना माणूस हमखास गोंधळतो.

शंखपुष्पी

सैन्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. हेन्री गप्प बसला नव्हता काही. सप्टेंबर ११७९ ला त्याच्या लोकांनी हाल्बरश्टाट जाळलं आणि त्या उलरिश बिशपला पकडून आणलं. मे ११८० ला, म्हणजे निकाल लागून गेल्यावर, वाइसेनझेला थुरिंगियाच्या लांडग्राफला हरवून त्यालाच कैद केलं. मैदानात जिंकत होता तो! हरला तो माणसं सुटल्यामुळे. बादशहाने जाहीर केलं की अमुक तारखेपर्यंत याची साथ सोडा नाहीतर तुमच्याही जमिनी जातील. सरदार तर सुटलेच पण ज्यांना त्याच्या घराण्याने पिढ्यानपिढ्या वाढवलं ते किल्लेदारसुद्धा किल्ल्या घेऊन बादशहाकडे गेले. इतकी वर्षं लोक भीतीने बरोबर होते, भीती संपली की कोण राहतं.

त्यात मला ल्युबेकचा प्रसंग फार आवडतो. ११८१ च्या उन्हाळ्यात बादशहा ल्युबेकला वेढा घालून बसला, समुद्राच्या बाजूने डेन्मार्कचा राजा. शहरातल्या लोकांनी आपला बिशप बादशहाकडे पाठवला आणि निरोप दिला की शहर आम्हाला ड्यूककडून मिळालंय, आम्हाला त्याच्याकडे जाऊन विचारू द्या, तो सोडवायला येणार असेल तर आम्ही लढू, नसेल तर तुमच्या हवाली करू, पण न विचारता नाही. आणि बादशहाने जाऊ दिलं! हेन्री श्टाडला होता, त्याने सांगितलं द्या शहर. मग दरवाजे उघडले, आणि आत येण्याआधी बादशहाकडून आपले सगळे जुने हक्क कायम करून घेतले. व्यापारी लोक शेवटी.

नोव्हेंबरमध्ये एरफुर्टला हेन्री पायावर पडला. बादशहाने त्याला उठवलं, जवळ घेतलं, डोळ्यात पाणी आलं वगैरे अर्नोल्ड लिहितो आणि लगेच शंका पण घेतो की रडू खरं असतं तर त्याला काहीतरी परत मिळवून दिलं असतं ना. पण बादशहाने सरदारांना शब्द दिला होता की तुमच्या संमतीशिवाय याला परत बसवणार नाही. तीन वर्षं हद्दपारी, सासऱ्याकडे, नॉर्मंडी आणि इंग्लंडला.

कोकणकडा

जुनापुराणांचं बरंचसं पटलं पण ‘हात आखडता’ एवढंच लिहून माणूस संपवू नका राव. बारावं शतक आहे, शेजाऱ्याला न तुडवता मोठा झालेला एक ड्यूक दाखवा. आल्ब्रेख्ट अस्वल काय संत होता?

याने जे उभं केलं ते टिकलं हे महत्त्वाचं. म्युनिक घ्या. बव्हेरियात राइशेनहालकडून आउग्सबुर्गला जाणारं मीठ इझार नदी ओलांडायचं ते फ्योरिंगच्या पुलावरून, आणि तिथला जकात जायचा फ्रायझिंगच्या बिशपला. हेन्रीने तो पूल आणि बाजार मोडून थोडं वरच्या बाजूला स्वतःचा पूल, बाजार आणि टांकसाळ काढली. बिशप ओट्टो साधासुधा नव्हता, बार्बारोसाचा काका, त्याच्या बापाचा सावत्र भाऊ. प्रकरण बादशहाकडे गेलं आणि १४ जून ११५८ ला निकाल लागला की बाजार नव्या जागीच राहू दे, उत्पन्नातला तिसरा हिस्सा बिशपला द्या. म्युनिक आजही तीच तारीख वाढदिवस म्हणून धरतं. ११८० ला हेन्री पडल्यावर बिशपने तो निकाल फिरवून पण घेतला, पण तोवर व्यापारी तिथे रुजले होते, पूल काही परत गेला नाही.

ल्युबेकचं तर अजून भारी. ते मुळात ११४३ मध्ये होल्श्टाइनच्या काउंट आडोल्फने वसवलेलं. चांगलं चालायला लागलं तसं हेन्रीच्या बार्डोविक गावचा बाजार बसायला लागला. याने निम्मा वाटा मागितला, आडोल्फ नाही म्हणाला, तर याने ल्युबेकचा बाजारच बंद करून टाकला, खाण्यापिण्याच्या वस्तूंपुरता चालू ठेवला. ११५७ ला गावाला आग लागली. मग हेन्रीने जवळच स्वतःचं नवीन शहर काढून बघितलं, नाव काय तर सिंहनगर, पण तिथे मोठी जहाजं येईनात. शेवटी आडोल्फने जुनी जागा दिली आणि ११५९ ला याने ल्युबेक परत बांधायला घेतलं. नंतर मात्र पैसा ओतला, डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, रशियाकडे दूत पाठवून कळवलं की या, वाट मोकळी आहे. ११६१ ला गोटलंड बेटावरच्या व्यापाऱ्यांचं आणि जर्मन व्यापाऱ्यांचं भांडण मिटवून त्यांना हक्क दिले. पुढे हान्झा म्हणून जे व्यापारी शहरांचं जाळं झालं त्याचं केंद्र हेच शहर. हात आखडता असणारा माणूस हे करतो?

जुनापुराणा

जिथून दामदुप्पट परत येणार तिथे करतो की :) तुमच्याच उदाहरणात बघा, दोन्ही ठिकाणी दुसऱ्याचा चालू धंदा आधी बंद पाडलाय.

आणि पूर्वेकडच्या स्लाव्ह लोकांवरच्या मोहिमा विसरू नका. ११६० ला ओबोट्रिट या स्लाव्ह टोळीचा राजा निक्लोट मारला गेला, मुलूख याच्या लोकांत वाटला, श्वेरिन वसवलं. नाव धर्मप्रसाराचं होतं पण हेल्मोल्ड नावाचा तिथलाच पाद्री लिहून गेलाय की या तरुण ड्यूकच्या आजवरच्या मोहिमांमध्ये ख्रिस्ती धर्माचं नावही निघालं नाही, फक्त पैशाचं निघालं. हेल्मोल्ड त्याच्याच बाजूचा माणूस होता, विरोधक नव्हे. पुढे निक्लोटच्या मुलाशी, प्रिबिस्लावशी, याने जमवून घेतलं, बराचसा मुलूख परत दिला, त्याच्या मुलाला स्वतःची अनौरस मुलगी दिली. तो प्रिबिस्लाव ११७२ ला याच्याबरोबर जेरुसलेमच्या यात्रेलाही होता. मेक्लेनबुर्गमध्ये त्या घराण्याची गादी १९१८ पर्यंत चालली, म्हणजे ज्याला हेन्रीने हरवलं त्याचंही घराणं टिकलं.

शंखपुष्पी

सगळे बाजार आणि जकातीवर बोलताय, बायकोबद्दल कोणी दोन ओळी लिहिणार आहे का? पहिली बायको क्लेमेन्टिया, त्सेरिंगेन घराण्याची. ११६२ ला जवळचं नातं निघतं असं कारण दाखवून लग्न मोडलं, खरं कारण तिचं माहेर बार्बारोसाला नकोसं झालं होतं. मग ११६८ ला मिंडेनच्या कॅथेड्रलमध्ये इंग्लंडच्या मटिल्डाशी लग्न. नवरी अकरा वर्षांची, नवरा पस्तीसच्या पुढचा. तेव्हाच्या राजघराण्यात हे चालायचं, वाचताना बरं वाटत नाही ते नाहीच. ११७२ ला हा जेरुसलेमला गेला तेव्हा ती ब्राउनश्वाइगला, गरोदर. हद्दपारीत मात्र ती बरोबर होती आणि ११८४ मध्ये विंचेस्टरला त्यांचा विल्हेल्म जन्मला, तिच्या माहेरच्या मुलखात. या विल्हेल्मच्या वंशात पुढे हानोव्हरचे राजे, म्हणजे १७१४ ला ब्रिटनच्या गादीवर बसलेला पहिला जॉर्ज. सगळं गमावलेल्या काळात झालेलं पोर आणि वंश त्याच्याकडून चालला.

दुसरी हद्दपारी ११८९ ची. बार्बारोसा क्रुसेडला, म्हणजे जेरुसलेमसाठीच्या धर्मयुद्धाला, निघाला तर याला मागे मोकळा ठेवायची भीती. तीन पर्याय दिले, बरोबर चल, नाहीतर आहे तेवढ्यात समाधान मानून शपथ घे, नाहीतर परत तीन वर्षं बाहेर जा. हा बाहेर गेला. या वेळी मटिल्डा मालमत्ता सांभाळायला मागे राहिली आणि २८ जूनला गेली, तेहतिसाव्या वर्षी. हा शरदात शपथ मोडून परत आला आणि पहिलं काय केलं तर बार्डोविक जमीनदोस्त केलं! ज्या बाजारासाठी ल्युबेकशी भांडला तेच.

टिंबटिंब

बार्डोविकची दंतकथा सांगायचीच राहिली की! लोक सांगतात, पहिल्या हद्दपारीला जाताना हा तिथे आला तर गावकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले आणि तटावर चढून, पाठ फिरवून, जे दाखवायचं ते दाखवलं. म्हणून परत आल्यावर एवढा राग. अर्थात पुरावा काही नाही. तिथल्या चर्चवर ‘सिंहाच्या पाऊलखुणा’ अशा अर्थाचं लॅटिन कोरलंय हे मात्र खरं.

निवांत_वाचक

हाहाहा, हे भारीये. शेवट कसा झाला मग त्याचा? आणि तो ब्राउनश्वाइगचा सिंहाचा पुतळा त्यानेच बसवला ना?

जुनापुराणा

हो, ११६६ च्या आसपास, डांकवार्डेरोडे किल्ल्यासमोर ब्रॉन्झचा. चौकात उभा आहे तो आता नक्कल आहे, अस्सल आत किल्ल्यात ठेवलाय.

शेवटची वर्षं तशी शांत. बार्बारोसा १० जून ११९० ला क्रुसेडच्या वाटेवर नदीत बुडून गेला, त्याच्या मुलाशी, सहाव्या हेन्रीशी, याचं थोडं भांडण थोडं तडजोड असं चाललं. मग याच्या थोरल्या मुलाने श्टाउफेन घराण्यातल्या आग्नेसशी गुपचूप लग्न लावलं, बादशहाच्या चुलत्याची मुलगी ती! बादशहा आधी भडकला, मग त्यातूनच समेट निघाला. ११९४ ला भेटीला जाताना म्हातारा घोड्यावरून पडला, पाय दुखावला, म्हणून भेट टिलेडाला ठेवावी लागली. त्यानंतर ब्राउनश्वाइगला जुन्या बखरी गोळा करून घेतल्या आणि रात्री झोप येत नसे तेव्हा वाचून घ्यायचा. ६ ऑगस्ट ११९५ ला गेला. स्वतःच बांधायला घेतलेल्या कॅथेड्रलमध्ये मटिल्डाशेजारी पुरलंय. मुलगा ओट्टो १२०९ ला बादशहा झाला, ते बघायला हा नव्हता.

कोकणकडा

कबरीचं अजून एक. १९३५ ला नाझींनी ती उघडली, यांना पूर्वेकडे मुलूख जिंकणारा हिरो पाहिजे होता. हिटलर स्वतः जाऊन बघून आला, खाली नवीन तळघर बांधलं. पण जो सांगाडा सापडला तो ठेंगणा, एक पाय आखूड, आणि तो नक्की त्याचा की बायकोचा यावर अजून वाद आहे. प्रचाराला ते काही सोयीचं नव्हतं.

आणि निवांत, चित्रांची आवड असेल तर त्याची गॉस्पेलची प्रत बघा, हेल्मार्सहाउझेनच्या मठात हेरिमान नावाच्या साधूने केलेली, पन्नास पानभर चित्रं. एकात वरून देवाचे हात येऊन हेन्री आणि मटिल्डाला मुकुट घालतायत, त्याच्यामागे आजोबा बादशहा लोथार, तिच्यामागे तिचे वडील इंग्लंडचे राजे. हा मुकुट स्वर्गातला की पृथ्वीवरचा यावर अभ्यासक भांडतायत. १९८३ च्या डिसेंबरमध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात ती सव्वातीन कोटी जर्मन मार्कांना गेली. तेव्हाचं पश्चिम जर्मन सरकार, लोअर सॅक्सनी आणि बव्हेरिया वगैरेंनी मिळून पैसे घातले. वोल्फेनब्युटेलच्या ग्रंथालयात आहे, मूळ प्रत क्वचित बाहेर काढतात, पण चित्रांचे फोटो नेटवर सहज मिळतील.